त्रिसरण आणि मांडलिकी



धम्मदीक्षा घेतलेल्या घराला एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारा कधी शेजारी असतो, कधी कचेरीतला सहकारी असतो, तर कधी आपल्याच नात्यातला, अजून दीक्षा न घेतलेला माणूस असतो. तो म्हणतो, "काल तुम्ही खंडोबाला शरण जात होता, आज बुद्धाला शरण जाता. हात जोडायचे ते जोडलेच. मग बदलले काय? धनी बदलला, एवढेच ना?"

आपल्यापैकी काहीजण या प्रश्नावर रागावतात. काहीजण मान खाली घालून गप्प बसतात. रागावणे हे उत्तर नव्हे आणि गप्प बसणे हेही उत्तर नव्हे. तथागतांनी आपला शब्दसुद्धा पारखून घ्यावयास सांगितले आहे, मग लोकांच्या प्रश्नाला आपण का भ्यावे? उलट आपण तो प्रश्न अधिक धारदार करून स्वतःलाच विचारला पाहिजे. शरण जाणे म्हणजे कोणाचे तरी मांडलिक होणे काय? एका बलवानाच्या छत्राखालून निघून दुसऱ्या बलवानाच्या छत्राखाली उभे राहणे, यालाच आपण धम्मांतर म्हणतो काय?

मांडलिक हा शब्द आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. थोर सम्राटाला खंडणी देणारा लहान राजा, एवढाच अर्थ मुले पाठ करतात. पण मांडलिक होणे म्हणजे प्रत्यक्षात काय, माणसाच्या मनाचे त्यात काय होते, हे समजून घ्यायचे असेल तर लांब जाण्याचे कारण नाही. आपला खानदेश हाच दोनशे वर्षांहून अधिक काळ एक मांडलिक राज्य होता. त्याची हकीकत आधी पाहू, मग आपल्या प्रश्नाकडे वळू.

तापीकाठचे छोटे राज्य

धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी थाळनेर हे गाव आहे. तेथे पडक्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. १३७० साली दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याने मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेरचा मुलूख जहागीर म्हणून दिला. पुढे दिल्लीची सत्ता खिळखिळी झाली आणि १३८२ पासून मलिक राजा स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला. खानदेशच्या फारुकी घराण्याची ही सुरुवात. १३९९ साली तो वारला आणि थाळनेरलाच त्याची कबर झाली.

त्याचा मुलगा नासीर खान मोठा महत्त्वाकांक्षी होता. बऱ्हाणपूरच्या उत्तरेस असीरगड हा अवघड किल्ला आहे. तो आसा अहीर नावाच्या एका धनवान गवळी प्रमुखाच्या ताब्यात होता. इतिहासकार फरिश्ता लिहितो की, आसा अहीर दुष्काळात लोकांना धान्य पुरवणारा दयाळू माणूस होता. नासीर खानाने त्याला निरोप पाठविला की, शत्रूचे भय आहे, माझ्या घरच्या स्त्रियांना गडावर आसरा दे. आसा अहिराने विश्वासाने दरवाजे उघडले. डोल्या गडावर गेल्या. डोल्यांतून स्त्रियांऐवजी हत्यारबंद शिपाई बाहेर पडले. आसा अहीर आणि त्याची मुले मारली गेली. आश्रय मागून आश्रय देणाऱ्याचाच घात झाला. हा प्रसंग लक्षात ठेवा, शेवटी त्याची पुन्हा गरज पडेल.

गड हाती आल्यावर नासीर खानाने तापीच्या काठी बऱ्हाणपूर वसविले. हे शहर पुढे राजधानी झाले, विणकरांमुळे आणि व्यापारामुळे भरभराटीस आले. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणारा रस्ता येथूनच जात होता. जमीन काळी, कापूस चांगला, आणि सुरत बंदराकडे जाणारी तापीच्या खोऱ्यातली वाट मोकळी. लहान राज्याला हवे ते सगळे होते. नव्हते ते एकच. उत्तरेला माळवा, पश्चिमेला गुजरात आणि दक्षिणेला बहमनी अशा तीन बलाढ्य सत्तांच्या मधोमध हे राज्य सापडले होते.

१४१७ साली नासीर खानाने माळव्याची मदत घेऊन सख्ख्या भावाकडून थाळनेर हिसकावले. लगेच गुजरातचा सुलतान अहमदशाह चालून आला. नासीर खानाला त्याच्यापुढे नमावे लागले. गुजरातचे स्वामित्व मान्य केल्यावर त्याला 'खान' हा किताब मिळाला. खानांचा देश म्हणून खानदेश, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. इतरही व्युत्पत्ती सांगितल्या जातात. पण ही एक खरी धरली, तर आपल्या प्रदेशाच्या नावातच दुसऱ्याने दिलेला किताब आहे, हे मोठे बोलके आहे.

पुढे नासीर खानाने मुलगी बहमनी घराण्यात दिली. सोयरीक झाली म्हणजे संरक्षण झाले, असा त्याचा हिशेब असावा. पण मुलीचे हाल होतात अशी तक्रार आली, त्यातून युद्ध पेटले आणि बहमनी सैन्याने बऱ्हाणपूर लुटले. नासीर खान पळत पळत धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यात आला. तेथेही त्याचा पराभव झाला आणि त्या धक्क्यातच १४३७ साली तो मेला.

या घराण्यातला सर्वांत समर्थ राजा म्हणजे आदिल खान दुसरा. त्याने १४५७ ते १५०१ असे चव्वेचाळीस वर्षे राज्य केले. गोंडवनातल्या राजांकडून त्याने खंडणी घेतली, असीरगड मजबूत केला. आता आपण मोठे झालो असे वाटून त्याने गुजरातची खंडणी थांबविली. सुलतान महमूद बेगडा फौज घेऊन आला. आदिल खानाने थकबाकीसकट खंडणी भरली आणि फौज परत गेली. त्याच्यानंतर काही वर्षांतच गादीचा वाद उभा राहिला, तेव्हा एका दावेदाराच्या मागे अहमदनगर होते आणि दुसऱ्याच्या मागे गुजरात. १५०९ साली खुद्द महमूद बेगड्याने येऊन आपल्या पसंतीचा माणूस गादीवर बसविला. म्हणजे घरातला वारस कोण, हे ठरविण्याचा अधिकारही घरात उरला नव्हता.

मांडलिकीची किंमत

येथे न्यायाने बोलले पाहिजे. फारुकी राजे भित्रे होते, असे म्हणून त्यांना हसणे सोपे आहे. परंतु लहान राज्य तीन मोठ्या सत्तांच्या मधे दोनशे एकोणीस वर्षे टिकले, ते वाकल्यामुळेच टिकले. त्या काळात शेतकऱ्यांनी शेते पिकविली, विणकरांनी कापड विणले. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत राजा अली खानाने अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरविला, तो आजही पाहावयास मिळतो. तेव्हा वाकणे हा प्रत्येक वेळी गुन्हाच असतो, असे मी म्हणणार नाही. दुबळ्याला जगण्यासाठी कधी कधी वाकावे लागते. आपल्या आईबापांना हे कोणी शिकवावे लागत नाही.

पण वाकून मिळालेल्या संरक्षणाची किंमत काय पडते? ती केवळ खंडणीच्या रकमेत मोजता येत नाही. मला त्यात तीन किमती दिसतात.

पहिली किंमत अशी की, मांडलिकाचे मोठेपण उसने असते. किताब दुसऱ्याने द्यायचा, गादीवर दुसऱ्याने बसवायचे. उसने दिलेले केव्हाही परत मागता येते.

दुसरी किंमत अशी की, मांडलिकाला आपल्याच माणसांचे भय वाटू लागते. फारुकी घराण्यात गादीवरच्या राजाखेरीज राजघराण्यातल्या पुरुषांना असीरगडावर कोंडून ठेवण्याची रीत पडली होती. कारण उघड आहे. ज्याच्या डोक्यावर बाहेरचा धनी आहे, त्याचा भाऊ त्या धन्याकडे जाऊन गादी मागू शकतो. म्हणून जो वरच्यापुढे वाकतो, तो भावाला कोंडतो.

तिसरी किंमत सर्वांत जड आहे. मांडलिकाच्या निष्ठेवर धनी कधीच पूर्ण विश्वास ठेवीत नाही. राजा अली खानाचे उदाहरण पाहा. १५९१ मध्ये अकबराचा वकील फैजी बऱ्हाणपूरला आला आणि राजा अली खानाने मोगलांचे स्वामित्व मान्य केले. १५९७ साली गोदावरीकाठी दक्षिणेतल्या सुलतानांच्या सैन्याशी मोठी लढाई झाली. राजा अली खान मोगलांच्या बाजूने लढला आणि रणात पडला. पण लढाईच्या गोंधळात तो दिसेना, तेव्हा तो शत्रूला मिळाला असा संशय मोगल शिपायांनी घेतला आणि त्याचीच छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी रणांगणात त्याचे प्रेत सापडले. धन्यासाठी प्राण दिला, आणि धन्याच्या लोकांनी त्याच वेळी त्याचे तंबू लुटले! मांडलिकीचे सारे सार या एका प्रसंगात आहे.

त्याचा मुलगा बहादूर खान याने अकबरापुढे जाण्याचे नाकारले आणि असीरगडाचा आसरा घेतला. १६०० साली वेढा पडला. महिनेच्या महिने गेले. बहादूर खान बोलणी करण्यासाठी खाली उतरला तो परत गेलाच नाही, त्याला ताब्यात ठेवण्यात आले. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. अकबराचा इतिहासकार अबुल फजल म्हणतो की, गडावर रोगराई पसरली होती. जेझुइट पाद्र्यांच्या हकीकतीत मात्र असे येते की, अकबराने वचन मोडले आणि किल्लेदारांना सोने चारून दरवाजे उघडविले. यातले काहीही धरले, तरी गड तटाला खिंडार पाडून जिंकला गेला नाही, हे खरे. ज्या गडावर दोनशे वर्षांपूर्वी एका विश्वासू माणसाचा घात झाला होता, त्या गडावरून फारुकींचे राज्य असे गेले. बहादूर खान कैदेत गेला आणि १६२४ साली आग्र्याला मेला. अकबराने या सुभ्याला आपल्या मुलाच्या, दानियालच्या, नावावरून दानदेश असे नाव दिले. नावसुद्धा गेले.

कोणी म्हणेल, आसा अहिराचे पाप फळाला आले. आपण बौद्ध माणसे तसे म्हणणार नाही. सहा-सात पिढ्यांनंतरच्या बहादूर खानाला पूर्वजाच्या पापाची शिक्षा मिळते, हा विचार धम्माचा नव्हे. पूर्वजन्माच्या आणि पूर्वजांच्या पापाची हीच गोष्ट सांगून आपल्याला शतकानुशतके गावाबाहेर ठेवण्यात आले. धम्माचा विचार वेगळा आहे. जे राज्य विश्वासघाताने मिळविले, ते विश्वासाने राखता येत नाही. तेथे भाऊ भावावर, किल्लेदार राजावर आणि राजा धन्यावर विश्वास ठेवू शकत नाही. हे दैव नव्हे. ही रोजच्या वर्तनातून घडणारी गोष्ट आहे. कम्म याचा अर्थ बाबासाहेबांनी आपल्याला असाच समजावून दिला आहे.

हा एका धर्माचा दोष नव्हे

फारुकी राजे मुसलमान होते म्हणून असे झाले, असा अर्थ कोणी काढील तर तो चुकीचा आहे. जिंकणारे आणि हरणारे दोन्ही मुसलमानच होते. आणि आपल्या घरातलीच दोन उदाहरणे पाहा.

खुद्द तथागतांचे शाक्य कुल कोसल राजाचे मांडलिक होते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचा तंटा झाला आणि सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, ही हकीकत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आपण वाचतो. संघाला सिद्धार्थाला मोठी शिक्षा देण्याचीही अडचण होती, कारण वर कोसलचा राजा बसला होता. पुढे अट्ठकथेत असे येते की, कोसलचा राजा पसेनदी याने शाक्यांची मुलगी मागितली. नाही म्हणण्याचे धाडस शाक्यांना झाले नाही, आणि मुलगी देण्यात कुळाचा अभिमान आड आला. म्हणून त्यांनी दासीच्या पोटी जन्मलेली महानामाची मुलगी राजकन्या म्हणून पाठविली. तिचा मुलगा विडूडभ आजोळी आला. तो गेल्यावर त्याचे आसन दुधापाण्याने धुण्यात आले. विडूडभाला ते कळले, आणि राजा झाल्यावर त्याने शाक्यांचा संहार केला.

ही हकीकत वाचताना आपल्या अंगावर काटा येतो, कारण धुतलेले आसन आपल्याला ओळखीचे आहे. वर कोसलापुढे वाकणारे शाक्य खाली दासीच्या मुलीला अपवित्र मानीत होते. मांडलिक मनाची हीच खूण आहे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला क्रमिक विषमता म्हटले. ती शिडीच अशी आहे की, प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्याचा मांडलिक असतो आणि खालच्याचा धनी असतो. १९२९ साली आपल्या चाळीसगावात बाबासाहेबांना टांग्यात बसवून नेण्यास टांगेवाले तयार झाले नाहीत. बाबासाहेब बॅरिस्टर होते, टांगेवाला गरीब होता. तरीही त्या शिडीवर आपण एक पायरी वर आहोत, एवढी जाणीव टांगेवाल्याला पुरेशी होती. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला सवयीचा माणूस मिळाला नाही. टांगा उलटला आणि बाबासाहेब जखमी झाले.

दुसरे उदाहरण दूरचे आहे. लाओस देशाच्या डोंगराळ भागात फुआन लोकांचे एक लहान राज्य होते, मुआंग फुआन. त्याची राजधानी शियेंग खुआंग. राजा बौद्ध, प्रजा बौद्ध, गावोगाव विहार. पण एका बाजूला व्हिएतनाम, दुसऱ्या बाजूला सयाम, आणि जवळच लाओसची मोठी राज्ये. फुआन राजे कधी याला तर कधी त्याला, कधी दोघांनाही खंडणी देत. १८२८ साली व्हिएन्टियानचा राजा अनुवोंग सयामशी लढून हरला आणि त्यांच्या मुलुखात आसऱ्याला आला. तेथे तो सयामच्या हाती सापडला. फुआनचा राजा चाओ नोई याला या प्रकरणी व्हिएतनामच्या बादशहाने दरबारी बोलावून देहान्त शिक्षा दिली. एका धन्याला खूष केले म्हणून दुसऱ्या धन्याने मारले! त्यानंतरच्या काळात सयामी सैन्याने हजारो फुआन कुटुंबे गावेच्या गावे उचलून आपल्या मुलुखात नेली. १८९३ साली हा प्रदेश फ्रेंचांकडे गेला. १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर अमेरिकेने वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले, त्यात जुने शियेंग खुआंग बेचिराख झाले. वाट फिया वाट या विहाराचे छप्पर आणि भिंती गेल्या. पडक्या विटांच्या खांबांमध्ये, उघड्या आकाशाखाली, भगवंतांची जखमी मूर्ती मात्र अजून बसलेली आहे.

फुआन लोकांना उचलून नेणारे सयामीसुद्धा बौद्ध होते, हे आपण लपवू नये. नाव बौद्ध असले म्हणजे वर्तन बौद्ध होतेच असे नाही. आणि बौद्ध राज्य म्हणून त्याला कोणी देव वाचवायला आला नाही, येणारही नव्हता. धम्म हा गंडा किंवा ताईत नव्हे.

आपल्या वाट्याची मांडलिकी

राजांच्या गोष्टी झाल्या. आपल्या पूर्वजांचे काय? त्यांना राज्य नव्हते, पण मांडलिकी होती, आणि ती राजांच्या मांडलिकीपेक्षा वाईट होती. तिचे नाव महारकी वतन. जमिनीचा एक तुकडा आणि बलुत्याची मूठभर भाकर यांच्या बदल्यात रात्री-बेरात्री कोणाच्याही हाकेला धावायचे. निरोप पोचवायचा, वेशीवर जागायचे, मेलेले ढोर ओढायचे. कामाला तास नाही, मोबदल्याला हक्क नाही. तरीही वतन सोडायचे म्हटले की आपलीच वडीलधारी माणसे अडून बसत. "आमचे वतन आहे, गावात आमचा मान आहे," असे म्हणत. राजा नासीर खान 'खान' किताब मिरवीत होता, आपण 'वतनदार' हा किताब मिरवीत होतो.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले. १९२७ साली महाडला त्यांनी मृत मांस आणि वतनी गुलामी सोडण्यास सांगितले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतनासंबंधीचे विधेयक मांडले. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. ते पाहावयास बाबासाहेब नव्हते. पण त्याआधी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला, त्यांनी याहून मोठे वतन आपल्याकडून सोडवून घेतले होते. ते म्हणजे मनातले वतन.

सरणाचा अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्रिसरण म्हणजे नवी मांडलिकी काय?

धनी आणि शास्ता यांत फरक कसा ओळखावा, याची कसोटी साधी आहे. धन्याला मांडलिक लहान राहिलेला हवा असतो. आदिल खान मोठा होऊ लागला तेव्हा गुजरातची फौज आली. शास्त्याला मात्र शिष्य आपल्याएवढा मोठा झालेला हवा असतो. तथागत म्हणाले की, मी मार्ग दाखविणारा आहे, चालणे तुम्ही चालायचे आहे. कालामांना त्यांनी सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून काहीही मानू नका. कोणता धनी आपल्या मांडलिकाला असे सांगेल?

धनी खंडणी मागतो. तथागत काय मागतात? पंचशील. त्यातले एकही शील त्यांच्या पदरात काही टाकणारे नाही. हिंसा केली नाही, चोरी केली नाही, दारू सोडली, तर त्यात बुद्धाचा कोणता खजिना भरतो? भरते ते आपलेच घर.

धनी आपल्यामागे वारस नेमतो. तथागतांनी वारस नेमला नाही. महापरिनिर्वाणापूर्वी त्यांनी आनंदाला सांगितले ते हेच की, तुम्ही स्वतःच स्वतःचे दीप व्हा, स्वतःच स्वतःचे आश्रयस्थान व्हा, माझ्यानंतर धम्म हाच तुमचा शास्ता. म्हणजे ज्याला आपण शरण जातो, तोच आपल्याला स्वतःच्या पायांवर उभे राहावयास सांगतो. मांडलिकीत असे कधी घडत नाही. बाबासाहेबांनीही बावीस प्रतिज्ञा दिल्या, पण त्यांत माझी आज्ञा पाळा अशी एकही प्रतिज्ञा नाही.

तेव्हा विचारणाऱ्याला शांतपणे सांगावे, "दादा, धनी बदलला नाही. धनीपण संपले."

घरातली खंडणी

परंतु हे उत्तर तोंडाने देऊन भागणार नाही. ते घरात खरे झाले पाहिजे. आपण मनाशी प्रामाणिक राहून पाहू या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी आहेत, आणि फडताळातल्या डब्यात कापडात गुंडाळलेला जुना टाकही आहे. दर रविवारी वंदना होते, आणि मूल तापाने फणफणले की मरीआईला गुपचूप नारळ जातो. श्रावणात कानबाई बसली की शेजारच्या घरी रोट पोचता होतो. लग्न बौद्ध पद्धतीने लागते, पण तारीख पंचांगवाल्याला विचारून ठरते. विचारले तर उत्तर येते, "असू द्या हो, काय बिघडते? उगाच कोप नको."

बाई, ही 'उगाच कोप नको' म्हणून दिलेली वस्तू म्हणजेच खंडणी! फुआनचे राजे दोन्हीकडे खंडणी देत होते, दोघेही खूष राहतील या आशेने. दोघांनीही त्यांना सोडले नाही. जे घर दोन्हीकडे हात जोडते, त्या घरातल्या मुलाला शेवटी एकच धडा मिळतो, की आपण भित्रे आहोत. हा धडा शाळेतल्या कोणत्याही धड्यापेक्षा पक्का बसतो.

म्हाताऱ्या सासूबाईंनी साठ वर्षे जपलेला टाक हिसकावून नदीत फेका, असे मी सांगणार नाही. जबरदस्तीने सोडविलेले मनातून सुटत नाही. त्यांच्याशी बसून बोला. आजारपणात डॉक्टर, इंजेक्शन आणि आपली सेवा यांनी मूल बरे झाले, हे त्यांना दाखवून द्या. पण तरुण नवरा-बायकोला ही सवलत नाही. ज्याने लिहावयास-वाचावयास शिकून घेतले, त्याला उगाच भिण्याचा अधिकार उरत नाही.

आणि खंडणी केवळ देवालाच दिली जाते असे नव्हे. लग्नात ऐपतीबाहेर खर्च करून कर्ज काढतो, ती लोकांच्या डोळ्यांना दिलेली खंडणी आहे. एखाद्या पुढाऱ्याच्या मागे डोळे मिटून जातो, ती सत्तेला दिलेली खंडणी आहे. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालतो आणि त्यांचे पुस्तक उघडत नाही, तेव्हा त्यांनाही आपण नकळत धनी करून टाकतो. नोकरीत चार पैसे मिळाल्यावर आपल्यापेक्षा गरीब जातीच्या, भटक्या किंवा आदिवासी माणसाला दारात उभे करतो, तेव्हा आपणच विडूडभाचे आसन धुतो.

गरिबीमुळे शेतमालकापुढे, मुकादमापुढे, साहेबापुढे अजूनही आपल्यातल्या अनेकांना वाकावे लागते. त्याची लाज त्यांनी बाळगू नये. पोटासाठी पाठ वाकली तरी मनाचे सरण तेथे ठेवू नये, एवढेच. पाठ कालांतराने सरळ होते. मन एकदा मांडलिक झाले की पिढ्या लागतात.

धुळ्याहून आग्र्याच्या रस्त्याने मालेगावकडे जाताना लळिंगचा किल्ला लागतो. याच किल्ल्याच्या आसऱ्याला १४३७ साली पराभूत नासीर खान आला होता. सारे आयुष्य एका धन्यापासून दुसऱ्या धन्यापर्यंत संरक्षण शोधण्यात गेले आणि त्याला शेवटी तट उपयोगी पडला नाही. बरोबर पाचशे वर्षांनी, १९३७ च्या जुलैअखेरीस, त्याच लळिंगच्या परिसरातील लांडोर बंगल्यात बाबासाहेबांनी मुक्काम केला. त्यांच्याजवळ किल्ला नव्हता, फौज नव्हती, कोणी दिलेला किताब नव्हता. विद्या होती, शील होते आणि आपल्या माणसांविषयी करुणा होती. दरवर्षी ३१ जुलैला खानदेशातून आपली माणसे त्या जागी जमतात. नासीर खानाची तिथी कोणाच्या लक्षात नाही.

येत्या ३१ जुलैला तेथे जाल तेव्हा मुलांना दोन्ही हकीकती सांगा. आणि त्याआधी, या पौर्णिमेला वंदना झाल्यावर, घरातल्या सर्वांनी मिळून एकच प्रश्न विचारा: आपल्या घरातून अजून कोणाकोणाला खंडणी जाते?

जयभीम.